प्लेयर बंद पडलाय? फॉरमॅट मारण्याआधी या सात पायऱ्या



मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाला रिपेअरिंगचं छोटं काउंटर जोडलं, की पहिल्याच महिन्यात एक गिऱ्हाईक हमखास येतं. पिशवीतून तळहाताएवढा म्युझिक प्लेयर काढतं आणि म्हणतं, "हा काहीच करत नाही हो. बघा जरा."

हा प्लेयर कोणताही असू शकतो. मेमरी कार्डवर चालणारा भजनाचा छोटा स्पीकर, जुन्या गाण्यांचा रेडिओसारखा दिसणारा डबा, खिशातला एमपी३ प्लेयर, नाहीतर कॉलेजच्या दिवसांतला आयपॉड. आमचं दुकान बार्शीत आहे. आषाढीच्या आधी, मग गणपती, मग नवरात्र, या दिवसांत हे काम वाढतं. तुमच्या गावात उरूस असेल, जत्रा असेल, पण चित्र साधारण असंच दिसेल.

नवीन मुलं विचारतात, "ताई, गाणी तर सगळी मोबाइलवर असतात. हे कोण दुरुस्त करून घेतं?" ज्यांना टचस्क्रीन जमत नाही असे आजी-आजोबा घेतात. शेतात फोन खराब होईल म्हणून वेगळा डबा ठेवणारे घेतात. आणि ज्यांच्या प्लेयरमध्ये असं काही आहे जे यूट्यूबवर मिळत नाही, ते तर नक्कीच घेतात. गावातल्या बुवांचं कीर्तन, मंडळाचा काकडा, वारलेल्या माणसाचा आवाज. प्लेयर नवा मिळतो, ते रेकॉर्डिंग नवं मिळत नाही.

म्हणून या कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. फुकटातलं आणि निर्धोक ते आधी करायचं. आतलं काही पुसलं जाईल असं काम शेवटी, आणि गिऱ्हाइकाला विचारूनच. व्हिडिओत हे हातानं करून दाखवलंय. इथे त्यामागची कारणं आणि हिशोब नीट लिहून देते.

हातात घेतल्यावर आधी चार प्रश्न

स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा. पेन घ्या.

१) नेमकं काय होतंय? "बंद आहे" या एका शब्दात तीन वेगळे आजार लपलेले असतात. पहिला: लाइट नाही, स्क्रीन नाही, आवाज नाही, पूर्ण मेलेला. दुसरा: स्क्रीन किंवा लाइट चालू आहे पण कोणतंच बटण ऐकत नाही, म्हणजे हँग. तिसरा: चालू होतो, पण लोगोवर अडकतो किंवा गाणंच लावत नाही. पहिल्यात शंका चार्जिंग आणि बॅटरीवर जाते, दुसऱ्यात आतल्या प्रोग्रॅमवर, तिसऱ्यात कार्डावर किंवा मेमरीवर. एवढं विचारलं तरी निम्मा वेळ वाचतो.

२) शेवटचा चालला तेव्हा काय करत होता? गाणी भरताना मधेच पिन काढली होती का? नवं कार्ड घातलं होतं का? सहा महिने कपाटात पडून होता का?

३) पडला, भिजला, उन्हात राहिला का? हे लोक लगेच सांगत नाहीत. वॉरंटी जाईल किंवा तुम्ही रागवाल असं वाटतं त्यांना. "मावशी, पाणी लागलं असेल तर सांगा, म्हणजे मी चुकून चार्जिंगला लावणार नाही," असं म्हटलं की खरं कळतं.

४) आत काय आहे, आणि त्याची दुसरी कॉपी कुठे आहे का? हा प्रश्न पावतीवर लिहायचाच. उत्तर "नाही" असेल तर त्याखाली रेघ मारा.

पहिली पायरी: नुसतं बघा

होल्ड किंवा लॉकचा खटका सरकलेला असतो आणि लोक म्हणतात बटण गेलं. जुन्या आयपॉडला वरच्या बाजूला असा खटका आहे, बऱ्याच एमपी३ प्लेयरना कडेला असतो. तो सरकवून परत आणा. स्पीकरच्या डब्याला मोडचं बटण असतं. तो चुकून ऑक्सवर गेला की कार्डावरचं गाणं ऐकूच येणार नाही. हेडफोनची पिन किंवा तिचा तुटलेला तुकडा आत अडकला असेल, तरी स्पीकर गप्प बसतो. एखादं बटण आत दबून राहिलं असेल तर प्लेयरला वाटतं कोणीतरी ते सतत दाबून धरलंय, मग बाकीची बटणं चालत नाहीत.

आता दोन ठिकाणी मात्र थांबायचं.

पाठीमागचं झाकण फुगलंय, सांधा उघडलाय, टेबलावर ठेवला की डुगडुगतो, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. लिथियम बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेऊ शकते. आणि भिजलेला असेल तर पूर्ण वाळेपर्यंत वीज द्यायची नाही. ओल्या बोर्डावर वीज गेली की गंज धरतो, शॉर्टही होतो.

दुसरी पायरी: वीज आत जातेय का?

"रात्रभर चार्जिंगला लावला होता" या वाक्यावर विश्वास ठेवायचा तो आपली केबल आणि आपला चार्जर लावून. दुकानात एक चांगली, तपासलेली जोडी वेगळी ठेवा. ती कोणाला विकायची नाही, वापरायला द्यायची नाही.

आधी बॅटरी टॉर्चनं चार्जिंगचं तोंड बघा. खिशातला कापूस, तंबाखूचा चुरा, शेतातली धूळ, काहीही असतं. प्लेयर बंद ठेवून लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं काढा. सुई किंवा टाचणी घालायची नाही, आतल्या पिना वाकतात किंवा शॉर्ट होतात.

आता एक गोष्ट जी बरेच जण चुकवतात. टाइप-सीचं तोंड असलेले काही स्वस्त प्लेयर दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत. तसा चार्जर वीज सोडण्याआधी समोर काही जोडलंय का हे तपासतो. त्यासाठी प्लेयरच्या बोर्डावर ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर लागतात. बनवणाऱ्यानं पैसे वाचवायला ते घातले नसतील, तर चार्जरला वाटतं समोर कोणीच नाही, आणि तो वीज सोडत नाही. एका बाजूला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा, हाच प्लेयर चालू होईल. गिऱ्हाइकाच्या घरी मोबाइलचा चार्जर बदलला, त्या दिवसापासून प्लेयर "मेला", अशी ही गोष्ट असते.

यूएसबी मीटर नावाची छोटी वस्तू विकत घ्या. चार्जर आणि केबलच्या मधे लावली की व्होल्ट आणि अँपिअर दाखवते. व्होल्ट ५ च्या आसपास आहेत आणि अँपिअर शून्य, तर चार्जर वीज देतोय पण ती प्लेयरच्या आत जात नाही. केबल, तोंड, बॅटरीची तुटलेली वायर यांपैकी काहीतरी. अँपिअरमध्ये थोडा आकडा दिसतोय, तर थांबा. खूप दिवस पडून राहिलेल्या बॅटरीचा दाब साधारण ३ व्होल्टच्या खाली गेला असेल, तर चार्जिंगचं सर्किट मुद्दाम थोडी थोडी वीज देतं. अशा वेळी अर्धा-पाऊण तास काहीच दिसत नाही आणि मग लाइट लागतो. पाच मिनिटांत "बॅटरी गेली" असं सांगून मोकळे होऊ नका.

तिसरी पायरी: रीसेट, पण कोणता?

प्लेयर म्हणजे आत बसलेला छोटासा कॉम्प्युटर. त्याचा प्रोग्रॅम एखाद्या ठिकाणी अडकला की बटणं ऐकायलाच कोणी उरत नाही. बऱ्याच प्लेयरमध्ये चालू-बंदचं बटणसुद्धा तोच प्रोग्रॅम वाचतो. म्हणून लोक ते शंभर वेळा दाबतात आणि काहीच होत नाही. पूर्वी बॅटरी काढून परत घातली की काम व्हायचं. आता बॅटरी आत सोल्डर केलेली, त्यामुळे वीज कधी तुटतच नाही आणि प्लेयर तसाच अडकून राहतो.

यावर उपाय तीन. एक, पॉवरचं बटण न सोडता १५ ते ३० सेकंद दाबून धरा. बऱ्याच बोर्डांवर एवढा वेळ दाबलं की प्रोग्रॅमला न विचारता सर्किटच वीज तोडतं. दोन, अंगावर टाचणीएवढं भोक आणि शेजारी 'रीसेट' लिहिलेलं आहे का बघा. असेल तर आत पेपरक्लिपनं हलकेच दाबा. पण माइकच्या भोकात क्लिप घालू नका, दोन्ही सारखीच दिसतात. तीन, यातलं काहीच नसेल तर प्लेयर तसाच ठेवून द्या. बॅटरी पूर्ण उतरली की तो आपोआप बंद होतो. दुसऱ्या दिवशी चार्जिंगला लावा.

आयपॉडची पद्धत ठरलेली आहे. गोल चक्राच्या आयपॉडला आधी होल्डचा खटका लावून परत काढायचा, मग मेन्यू आणि मधलं बटण एकत्र, अ‍ॅपलचा लोगो दिसेपर्यंत धरायचं. आठ-दहा सेकंद लागतात. सातव्या पिढीच्या नॅनोला वरचं पॉवरचं आणि पुढचं गोल होम बटण एकत्र. शफल असेल तर खटक्यानं बंद करा, दहा सेकंद थांबा, परत चालू करा. कंपनीनं नॅनो आणि शफल २०१७ मध्ये आणि शेवटचा आयपॉड टच २०२२ मध्ये बंद केला. त्यामुळे हे आता नव्यानं मिळत नाहीत, आणि ज्यांच्याकडे आहेत ते जपतात.

आता शब्द नीट समजून घ्या. वर सांगितलेल्या रीसेटमुळे गाणी पुसली जात नाहीत. तो म्हणजे फक्त बंद करून चालू करणं. पण मेन्यूमधला 'फॅक्टरी रीसेट', कॉम्प्युटरवरचा 'रिस्टोर' आणि 'फॉरमॅट' ही तिन्ही कामं आतलं सगळं साफ करू शकतात. गिऱ्हाईक फोनवर "करा रीसेट" म्हणालं, तर त्याला कोणता कळलाय हे तुम्हाला माहीत नसतं. सरळ मराठीत विचारा: "काका, आतलं सगळं पुसलं जाईल. चालेल का?"

चौथी पायरी: कार्ड काढा आणि परत बघा

लोगोवर अडकणाऱ्या प्लेयरचं मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह काढून चालू करा. चालू झाला, रेडिओ किंवा ब्लूटूथ लागलं, तर प्लेयर ठणठणीत आहे. आजार कार्डात आहे. चालू होताना प्लेयर कार्डावरच्या सगळ्या फाइली वाचून यादी बनवतो. तिथे एखादी अर्धवट कॉपी झालेली फाइल किंवा बिघडलेली नोंद भेटली की स्वस्त प्लेयर तिथेच फिरत बसतो.

कार्ड रीडरनं ते कॉम्प्युटरला लावा. इथे विंडोज कधी कधी पाटी दाखवतं की कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल. रद्द करा. कामाचा घात याच ठिकाणी होतो. आमच्याकडे एक भजनी मंडळ कार्ड घेऊन आलं होतं. त्याआधी ते दुसऱ्या एका दुकानात गेलेलं. तिथे ती पाटी आली, मुलानं 'ओके' दाबलं, नव्या गाण्यांचा सेट भरून दिला, वर पन्नास रुपयेही घेतले. प्लेयर मस्त चालत होता. पण त्यात त्यांच्या जुन्या पखवाजवाल्यांचं वादन होतं, आणि नवी गाणी त्याच जागेवर लिहिली गेली होती. मी दोन दिवस लावून काही तुकडे काढले, पूर्ण काही मिळालं नाही. त्या मुलाला कोणी शिव्या दिल्या नाहीत. मंडळ फक्त परत त्या दुकानात गेलं नाही, आणि त्या मंडळात पंचवीस घरं आहेत.

तर क्रम असा. कार्ड दिसतंय, तर सगळ्यात आधी सगळं कॉम्प्युटरवर कॉपी करा. दुरुस्तीचे प्रोग्रॅम त्यानंतर. कार्ड लागतंय पण उघडत नाही, तर फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो कार्डावर काही न लिहिता फाइली शोधतो आणि तुम्ही सांगाल त्या दुसऱ्या ठिकाणी ठेवतो. नावाप्रमाणे फक्त फोटो नाही, गाणीही शोधतो. फक्त फाइलींची मूळ नावं राहत नाहीत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर ठेवायच्या नाहीत, नाहीतर राहिलेल्या मिटतील.

कॉपी हातात आली की मग कार्ड साफ करा. फॉरमॅट 'फॅट ३२' निवडा, बहुतेक प्लेयरना तोच वाचता येतो. ६४ जीबी आणि वरची कार्डं 'एक्सफॅट'मध्ये येतात आणि जुने प्लेयर ती ओळखत नाहीत. त्यामुळे गिऱ्हाइकानं "मोठं घेतलं" म्हणून प्लेयर बंद पडल्यासारखा वाटतो. ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड विका, तक्रार येत नाही.

बाजारात खोटी कार्डंही आहेत. वर ६४ लिहिलेलं आणि आत ८ असतं. कॉपी झालेली दिसते, गाणी मात्र वाजत नाहीत. नवी खेप आली की रिकामं कार्ड एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमनं तपासा. तो पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतो, म्हणून गाणी असलेल्या कार्डावर चालवायचा नाही.

आणि एकच फाइल खराब असेल तर? हजार गाणी एक-एक तपासू नका. अर्धी ठेवा, प्लेयर चालतो का बघा. अडकला तर खराब फाइल त्या अर्ध्यात आहे, नाहीतर दुसऱ्या. परत अर्धी करा. हजार गाण्यांत दहा फेऱ्यांत ती फाइल हातात येते.

पाचवी पायरी: कार्ड नसलेला प्लेयर कॉम्प्युटरला जोडा

गाणी आतल्या मेमरीत असतील तर प्लेयर थेट कॉम्प्युटरला जोडा. केबल मात्र डेटाची हवी. काही स्वस्त केबलमध्ये फक्त विजेच्या दोन तारा असतात, त्यावर चार्जिंग होतं पण कॉम्प्युटरला काही दिसत नाही. कॉम्प्युटरनं ओळखला तर मेमरी जिवंत आहे. लगेच कॉपी घ्या. गोल चक्राचा आयपॉड लोगोवर अडकत असेल तर रीसेट केल्यावर लोगो येताच मधलं आणि प्ले बटण दाबून धरा, तो डिस्क मोडमध्ये जातो आणि कॉम्प्युटरला दिसायची शक्यता वाढते.

आतला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, परत टाकायचा विचार कॉपी घेतल्यानंतरच. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. बाहेरून सारखे दिसणारे दोन डबे आतून वेगळे असतात, आणि चुकीचं फर्मवेअर टाकलं की चालू होणारा प्लेयरही कायमचा बंद होतो. नाव नसलेल्या स्वस्त डब्यांच्या बाबतीत या वाटेला जाऊच नका.

सहावी पायरी: आता उघडा

वॉरंटी आहे का विचारा. असेल तर उघडायचं नाही, कंपनीच्या सेंटरचा पत्ता द्या. तुमचं शंभर रुपयांचं काम जाईल, पण त्याची वॉरंटी तुमच्या हातून जाणार नाही.

वॉरंटी संपली असेल तर प्लास्टिकच्या पट्टीनं उघडा. पोलादी पातं बॅटरीजवळ न्यायचं नाही. मल्टिमीटरनं बॅटरीचे व्होल्ट मोजा. एका सेलची लिथियम बॅटरी ३.७ व्होल्टची म्हणतात, पूर्ण भरली की ४.२ दाखवते. ३.५ ते ४.२ मध्ये आहे आणि तरी प्लेयर मेलेला, तर बॅटरीला दोष देऊ नका. पॉवरचं बटण, तुटलेली वायर, हललेलं चार्जिंगचं तोंड बघा. यातली बरीचशी कामं एका सोल्डरिंगची असतात. २.५ च्या खाली गेलेली बॅटरी थेट वीज देऊन जागी करायची नाही. ती बदला.

बदलताना व्होल्ट तेच, आकार मावेल तो, आणि सेलवर संरक्षणाची छोटी पट्टी असलेलीच घ्या. जुनी आणि नवी बॅटरी शेजारी ठेवून लाल-काळी वायर जुळवा. प्लगचा आकार सारखा असला तरी वायरींची बाजू उलटी असू शकते, आणि उलटी लागली की बोर्ड जातो. मीटर लावून खात्री केल्याशिवाय प्लग बसवू नका. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात.

सातवी पायरी: "होत नाही" हे सांगा

बोर्ड गंजलाय, मुख्य चिप गेलीय, तर तिथे थांबा. गाणी वाचवता आली का ते सांगा, नवा प्लेयर दाखवा, कॉपी त्यात भरून द्या. गिऱ्हाइकाला आवाज परत मिळाला तर त्याच्या दृष्टीनं काम झालंच. जुना प्लेयर आणि बॅटरी घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात टाकायची नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या रीसायकलरकडेच द्या. दुकानात झाकणाचा वेगळा डबा ठेवा आणि बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्यात टाका.

पैशांचं काय?

आता आपल्या धंद्याचा भाग. बऱ्याच जणांना तपासणीचे पैसे मागायला लाज वाटते. मग ते भरपाई म्हणून नसलेली बॅटरी बदलतात. चांगलं चाललेलं नातं तिथे बिघडतं. त्यापेक्षा हिशोब मांडा.

समजा दुकान महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास उघडं आहे. म्हणजे २०८ तास. भाडं, वीज, मदतनीस मिळून खर्च २०,८०० रुपये धरा, आणि तुमचा स्वतःचा पगार तेवढाच. एकूण ४१,६०० रुपये, म्हणजे तासाला २००. पण पूर्ण वेळ कोणी काम घेऊन येत नाही. निम्मेच तास कामाचे धरले, तर कामाचा तास पडतो ४०० रुपयांना. पहिल्या चार पायऱ्यांना वीस मिनिटं लागली, तर तुमचा खर्च सुमारे १३३ रुपये झाला. कॉपी होत असताना किंवा चार्जिंग चालू असताना तुम्ही दुसरं गिऱ्हाईक बघता, तो वेळ यात धरू नका. आकडे तुमच्या दुकानाचे घाला, रीत हीच.

म्हणून तपासणीचा एक दर ठरवा आणि काउंटरवर पाटी लावा. दुरुस्ती करून घेतली तर तो दर बिलातून वजा. खटका सरकवून प्लेयर चालू झाला, तर काहींचं म्हणणं पैसे घेऊ नयेत. मी घेत नाही, पण गिऱ्हाइकाला खटका दाखवते. ते माणूस कव्हर किंवा केबल घेऊन जातंच, आणि चार जणांना सांगतं. डेटा काढायचं काम मात्र वेगळ्या दरानं, आणि "मिळेल तेवढं मिळेल" असं लिहून.

पावती साध्या वहीत चालेल, पण पाच गोष्टी हव्यात: आलेल्या वस्तूची अवस्था, सोबत दिलेलं कार्ड आणि कव्हर, आतला डेटा महत्त्वाचा आहे की नाही, पुसायची परवानगी आहे की नाही, आणि किती रुपयांपर्यंत न विचारता काम करायचं. खाली सही. सही येत नसेल तर फोन करून विचारा आणि तारीख-वेळ लिहून ठेवा. काम झालं की गिऱ्हाइकाची कॉपी सात-आठ दिवस ठेवा, मग तुमच्या कॉम्प्युटरवरून काढून टाका. लोकांच्या घरातले आवाज आपल्याकडे कायमचे पडून राहायला नकोत, हेही त्यांना सांगा.

सुरुवातीला एवढं घ्या

मल्टिमीटर, यूएसबी मीटर, तपासलेल्या तीन केबल आणि एक साधा ५ व्होल्टचा चार्जर, कार्ड रीडर, बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट, प्लास्टिकच्या पट्ट्या, सोल्डरिंग आयर्न, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. महागडं हॉट एअर मशीन पहिल्या वर्षी लागत नाही. वरच्या सात पायऱ्यांपैकी पाच तर झाकण न उघडता होतात.

या आठवड्याचं काम देते. घरातल्या किंवा शेजारच्या कपाटात बंद पडलेला एक प्लेयर नक्की असेल. तो मागून घ्या, चार प्रश्न विचारा, पावती लिहा आणि पहिल्या पायरीपासून सुरू करा. प्रत्येक पायरीला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून लिहा. तुमचा तपासणीचा दर त्याच कागदातून निघेल. कोणत्या पायरीवर अडलात ते मॉडेलच्या नावासकट कळवा, पुढच्या व्हिडिओत तो प्लेयर उघडून बघू.